शाखेतलं पहिलं वर्ष: आयडी, किल्ल्या आणि तोंडी आदेश

"जेवायला निघालात ना? मग जाताना एकदा अंगठा लावून जा, मी दोन व्हाउचर पास करून घेतो."

सरकारी बँकेच्या शाखेत रुजू झालेल्या नव्या माणसाला हे वाक्य पहिल्या पंधरवड्यात ऐकायला मिळतंच. अंगठा म्हणजे सिस्टीममध्ये तुमच्या नावाने दिलेली मंजुरी. म्हणणारा बहुतेक वेळा भला असतो, समोर वीस माणसांची रांग असते, आणि नाही म्हणणं उर्मटपणाचं वाटतं. शाखा चालते ती ओळखीवर, भिडेवर, 'जरा सांभाळून घ्या'वर. चौकशी लागते तेव्हा मात्र सिस्टीममधला आयडी, कागदावरची सही आणि तारीख एवढंच बघितलं जातं. या दोन्ही रीती एकाच छताखाली नांदतात. नव्या माणसाचे हाल होतात ते बहुधा त्यांची सांगड न बसल्यामुळे.

पुढचा मजकूर सरकारी बँकांत नव्याने लागलेल्या क्लार्कसाठी (आता पदाचं नाव कस्टमर सर्व्हिस असोसिएट झालं आहे) आणि पीओंसाठी (प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे सुरुवातीचे अधिकारी) आहे. देशात अशा 12 बँका आहेत. त्यांपैकी स्टेट बँक, बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक आणि युनियन बँक यांची मुख्यालयं मुंबईत, तर बँक ऑफ महाराष्ट्रचं पुण्यात. फॉर्मांची नावं आणि पोर्टलं बँकेगणिक बदलतात, शाखेतला कारभार मात्र सगळीकडे साधारण असाच.

रुजू होण्याआधी

नेमणूकपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. त्यात तीन गोष्टी शोधा: प्रोबेशन किती, बाँड आहे का, आणि नेमणूक कोणत्या झोनमध्ये. क्लार्कचं प्रोबेशन साधारण सहा महिन्यांचं, पीओचं दोन वर्षांचं. बऱ्याच बँका पीओकडून दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेतात. मधेच सोडायचं ठरलं तर किती रक्कम भरावी लागेल ते आजच माहीत असू द्या. क्रेडिट कार्डाची किंवा शैक्षणिक कर्जाची जुनी थकबाकी असेल तर रुजू होण्याआधी मिटवा. बँका उमेदवाराचा क्रेडिट इतिहास तपासतात आणि त्यावर नेमणूक अडू शकते.

पगाराचा हिशेब सोपा आहे. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात 8 मार्च 2024 ला झालेल्या बाराव्या द्विपक्षीय कराराने सुरुवातीचं मूळ वेतन क्लार्कसाठी 24,050 आणि स्केल-1 अधिकाऱ्यासाठी (म्हणजे पीओसाठी) 48,480 रुपये झालं. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं आणि इतर भत्ते. महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो, त्यामुळे स्लिपवरचा आकडा हलला म्हणून दचकू नका. 1 एप्रिल 2010 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्याऐवजी एनपीएस या पेन्शन योजनेत तुमचे 10 टक्के आणि बँकेचे 14 टक्के जमा होतात. तिथे नामनिर्देशन भरायचं राहून जातं. ग्राहकांना दिवसभर 'वारस लावलाय का?' विचारणाऱ्यांचंच राहतं!

पहिल्या आठवड्यात माणसं ओळखा

शाखा व्यवस्थापक, म्हणजे सगळ्यांचे 'साहेब' किंवा 'मॅडम', यांचा मूड बहुतेक वेळा शाखेत ठरत नाही. तो ठरतो विभागीय कार्यालयाच्या कॉन-कॉलवर, म्हणजे फोनवरच्या सामूहिक बैठकीत. दुपारी हसून बोललेला माणूस संध्याकाळी सहाला 'आज किती खाती उघडली?' म्हणून खेकसला तर तो कॉल नुकताच संपलाय असं समजा आणि रजेचा विषय दुसऱ्या दिवशी सकाळी काढा.

दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी (कुठे जॉइंट मॅनेजर, कुठे अजूनही 'अकाउंटंट') हा तुमचा खरा गुरू. व्हाउचर, रजिस्टर, किल्ल्या, दिवसअखेर सगळं त्याच्या हातून जातं. हेड कॅशियरशी पहिल्या दिवसापासून नीट वागा. शिपाईमामांना कोणती फाइल कुठल्या कपाटात आहे हे सिस्टीमपेक्षा जास्त माहीत असतं. वयाने मोठ्या सबस्टाफला 'मामा', 'काका', 'मावशी' म्हणा, नुसत्या नावाने हाक मारू नका. सगळी शाखा हे बघत असते. कॉन्करंट ऑडिटर (शाखेचे व्यवहार चालू असतानाच तपासणारा) दिसला की नवखे लोक तोंड चुकवतात. उलट त्याच्याकडे जाऊन 'गेल्या महिन्यात इथे कोणत्या चुका निघाल्या?' असं विचारा. तुमच्या खुर्चीवर आधी बसलेल्याने काय काय सोडून दिलं, ते त्यातून कळेल.

एक खास महाराष्ट्रातली अडचण. व्यवस्थापक परराज्यातले असले की गावच्या शाखेत मराठी येणारा नवा अधिकारी आपोआप दुभाष्या होतो. करारनाम्यावर अंगठा देणाऱ्या किंवा इंग्रजी न वाचता येणाऱ्या कर्जदारासाठी 'मजकूर वाचून समजावून सांगितला' असं लिहून कोणीतरी सही करायची असते, आणि ती सही तुमची होते. तेव्हा खरोखर वाचून दाखवा: रक्कम, व्याजदर, हप्ता, जामीनदाराची जबाबदारी. 'करा हो सही, त्याला माहितीये सगळं' हे ऐकून केलेली सही पाच वर्षांनी दिवाणी न्यायालयाच्या समन्सच्या रूपाने घरी येते.

आयडी, पासवर्ड, किल्ल्या

कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत, एक नोंद करतो आणि दुसरा पास करतो. सगळी सुरक्षितता या दोन माणसांवर उभी आहे. तुमच्या आयडीवर दुसऱ्याने पास केलं की दोन माणसांचं एक होतं. बँकांतल्या अंतर्गत अफरातफरीच्या प्रकरणांत हे वारंवार दिसतं: करणारा एक, पण पैसे निघाले ते दोन-तीन सहकाऱ्यांच्या उघड्या स्क्रीनवरून. 'मला माहीत नव्हतं' हा बचाव टिकत नाही, कारण पासवर्ड किंवा अंगठा दुसऱ्याला वापरू देणं हाच स्वतंत्र दोषारोप असतो.

म्हणून सवयी अशा लावा:

1. खुर्ची सोडताना विंडोज आणि एल एकदम दाबून स्क्रीन बंद करा, चहाला दोन मिनिटं उठलात तरी.
2. आपल्या आयडीला कोणत्या मेनूचे आणि किती रकमेचे अधिकार दिले आहेत ते लेखी विचारून घ्या. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे जास्तीचे अधिकार नव्याच्या गळ्यात पडल्याचं सर्रास आढळतं.
3. रजेवर जाताना आयडी निष्क्रिय करायला सांगा. तुम्ही गावाला असताना तुमच्या नावावर नोंद दिसली तर निस्तरणं अवघड.
4. दिवसअखेर आपल्या आयडीवर किती व्यवहार झाले त्याचा अहवाल बघा आणि व्हाउचरांशी जुळवा. वीस मिनिटं जातात. साडेपाचला सगळे उठू लागतात तेव्हा हे करायचा कंटाळा येतो, आणि राहिलेलं व्हाउचर नेमकं त्याच दिवसाचं असतं.

आता नकार कसा द्यायचा? तत्त्वज्ञान सांगू नका. "सर, द्या इकडे, मीच करते, एक मिनिट" म्हणून स्वतः व्हाउचर बघा आणि पास करा. काम होतं, भीडही मोडत नाही. जेवण पाच मिनिटं उशिरा होईल.

तिजोरीच्या किल्ल्यांचंही तेच. तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. गर्दीच्या दिवशी 'तुमची पण इथेच ठेवा, मी काढतो कॅश' असं म्हटलं जातं. किल्ली घेताना आणि देताना किल्ली-रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही झालीच पाहिजे. सोनेतारणाच्या पाकिटांनाही हीच दुहेरी ताब्याची रीत. पाकीट आत ठेवताना वजन आणि सील तुमच्यासमोर बघितलं गेलं नसेल तर ताबेदार म्हणून सही करू नका. मूल्यांकन करणारा सोनार बँकेचा नोकर नसतो. खोटं सोनं तारण राहतं ते बहुधा एकाच सोनारावर वर्षानुवर्षं आंधळा भरवसा टाकल्यामुळे.

कॅश काउंटर

नोटा मोजणं मशिनवर होतं, चुका माणसाकडून होतात. ग्राहकाच्या स्लिपमागे त्यानेच नोटांचा तपशील लिहायला हवा. 500 च्या 100 नोटांचं पाकीट म्हणजे 50,000, आणि अशा दहा पाकिटांचं बंडल म्हणजे 5 लाख. गोंधळ होतो तो एका ग्राहकाची रक्कम ड्रॉवरमध्ये पडण्याआधी दुसऱ्याची हातात घेतली म्हणून. एकाची रक्कम मोजून, स्लिपवर शिक्का मारून, ड्रॉवरमध्ये टाकल्याशिवाय पुढच्याच्या नोटांना हात लावू नका, मग त्याने कितीही वेळा 'माझी गाडी सुटेल' म्हटलं तरी. देताना दोन हजारांच्या जागी वीस हजार देण्याची चूक दुपारी बारा ते एकच्या भुकेच्या वेळी जास्त होते.

कॅश कमी आली तर बहुतेक बँकांत ती त्याच दिवशी कॅशियरला भरावी लागते. जास्त आली तर ती बँकेच्या त्यासाठीच्या खात्यात जमा करायची असते. 'जास्तीचे हजार ड्रॉवरमध्ये राहू दे, उद्या कमी आले तर जुळवू' हा सल्ला जुनी मंडळी प्रेमाने देतात. अचानक तपासणीत तो हजारही तितकाच महागात पडतो जितका तुटवडा.

खोट्या नोटेबाबत भीड अजिबात चालत नाही. नोट परत द्यायची नाही, फाडायची नाही. तिच्यावर 'बनावट नोट'चा शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद करायची, ग्राहकाला पावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या तर महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवतात, पाच किंवा जास्त असतील तर लगेच प्राथमिक माहिती अहवाल. ओळखीचा किराणा दुकानदार चिडून खाती बंद करण्याची धमकी देईल. साहेबही म्हणतील, 'राहू दे, जुना ग्राहक आहे.' नोट परत दिल्यास बँकेचा त्यात जाणूनबुजून हात आहे असं रिझर्व्ह बँक मानते, हे त्यांना शांतपणे आठवण करून द्या.

गर्दीबद्दल एवढंच: लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते ऑगस्ट 2024 मध्ये जमा झाले तेव्हा शाखाशाखांतून जी रांग लागली ती आधार जोडणी आणि पासबुक छपाईसाठी होती. अशा दिवसांत एक खुर्ची फक्त चौकशीसाठी वेगळी काढली तर कॅशची चूक टळते. हे साहेबांना आदल्या दिवशी सुचवा, गर्दीत नको.

पास करताना काय बघायचं

नव्या पीओला रोज दोनशे व्हाउचर पास करायला बसवतात. सही, तारीख, अक्षरी आणि अंकी रक्कम, खातेदाराचं नाव एवढं बघितलं की नव्वद टक्के काम झालं. उरलेल्या दहा टक्क्यांत धोका आहे. ज्या खात्यात दोन वर्षं ग्राहकाने स्वतः व्यवहार केला नाही ते निष्क्रिय धरलं जातं. असं खातं अचानक सुरू होऊन लगेच मोठी रक्कम निघत असेल तर थांबा. केवायसीचे कागद आज कोणी आणून दिले, खातेदार समोर आहे का, बघा. वृद्ध किंवा मयत खातेदारांच्या निष्क्रिय खात्यांतूनच आतले लोक पैसे काढतात, कारण तिथे ओरडणारं कोणी नसतं. मोबाइल नंबर बदलाची विनंती आणि लगोलग मोठी उचल, ही जोडी दिसली तर खातेदाराच्या जुन्या नंबरवर फोन करा.

व्हाउचर नंतर येईल म्हणून आधी पास करणं हा शाखांचा जुना रोग आहे. संध्याकाळी ते व्हाउचर कोणी आणून देत नाही.

टार्गेट, लॉगिन डे आणि विमा

सोमवारी विमा, मंगळवारी क्रेडिट कार्ड, बुधवारी किरकोळ कर्ज, असे 'लॉगिन डे' वरून येतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन तासांनी आकडा मागितला जातो आणि शून्य लिहिणाऱ्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येतं. याची सवय होते. घातक भाग वेगळा आहे.

आकडा भरायला सोपा मार्ग म्हणजे ग्राहकाला न विचारता जीवनज्योती आणि सुरक्षा या सरकारी विमा योजनांचे अनुक्रमे 436 आणि 20 रुपये खात्यातून कापणं. रक्कम लहान, कोण बघतंय? पण दरवर्षी नूतनीकरणाला ती पुन्हा कापली जाते आणि एखादा निवृत्त शिक्षक पासबुक घेऊन दारात उभा राहतो. संमतीचा फॉर्म नसेल तर उत्तर नाही. खरं तर या दोन योजना विकायला सोप्या आहेत: दोन-दोन लाखांचं संरक्षण, जीवनज्योती 18 ते 50 वयाला, सुरक्षा 18 ते 70 ला. विचारून केल्या तर दहांतले सहा-सात हो म्हणतात. घाई नडते.

मोठ्या विम्यात काळजी आणखी हवी. विमा विकण्यासाठी तुमच्या नावाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. प्रत्येक पॉलिसीवर तुमचा कोड जातो. मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला आलेल्या सत्तर वर्षांच्या आजींना 'यात जास्त मिळतं' म्हणून दहा वर्षांचा हप्ता लावला, तर तक्रार बँकेकडे आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते. तेव्हा कोड तुमचा निघतो, टार्गेट देणाऱ्याचा निघत नाही. कोणी चूक करून बसलंच असेल तर लगेच फ्री-लुकची, म्हणजे पॉलिसी परत करण्याची, मुदत बघा. ती तीस दिवसांची असते, त्यात पैसे परत मिळू शकतात. मुदत संपण्याची वाट बघत ग्राहकाला 'पुढच्या आठवड्यात या' म्हणणं ही मूळ चुकीपेक्षा वाईट गोष्ट.

आढावा बैठकीत शून्य सांगण्याची वेळ आली तर शून्याबरोबर यादी सांगा: "आज शून्य, पण अकरा जणांशी बोललोय, तिघे शनिवारी कागद घेऊन येतायत." ओरडा कमी होतो, आणि शनिवारी दोघे जरी आले तरी तुमचा शब्द खरा ठरतो. खोटा आकडा मात्र कधी टाकू नका. तो दुसऱ्या दिवशीच्या अहवालात उघडा पडतो आणि मग वर्षभर तुमचे खरे आकडेही तपासले जातात.

कर्ज आणि मार्च

नव्या अधिकाऱ्याच्या नोकरीला सर्वांत मोठा धोका इथे आहे. प्रस्तावात एक पान 'प्रत्यक्ष भेटीचा अहवाल' असतं. शेत, दुकान, गोठा न बघता ते भरलं जातं, कारण वेळ नसतो आणि साहेब म्हणतात 'मी बघितलंय.' ज्याने बघितलंय त्याची सही हवी. तुमची सही हवी असेल तर तुम्ही जा, आणि तारीख-वेळ दिसेल असा फोटो फाइलला लावा.

पीककर्जात सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन स्वतः काढा, कर्जदाराने आणलेल्या झेरॉक्सवर काम करू नका. इतर हक्कांच्या रकान्यात दुसऱ्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का बघा. कर्ज वाटल्यावर आपल्या बँकेचा बोजा फेरफाराने चढला का, हे बघायला बहुतेक विसरतात. तलाठ्याकडे पत्र दिलं म्हणजे बोजा चढला असं होत नाही. महिन्याभराने सातबारा पुन्हा काढा.

थकबाकीचे दिवस पाठ असू द्या. हप्ता चुकल्यापासून 30 दिवसांपर्यंत एसएमए-0, 31 ते 60 एसएमए-1, 61 ते 90 एसएमए-2 (हे धोक्याच्या इशाऱ्याचे टप्पे), आणि 90 दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक कर्ज. कमी मुदतीच्या पिकांना दोन हंगामांची, ऊस-केळीसारख्या दीर्घ मुदतीच्या पिकांना एका हंगामाची सवड असते. फोन एसएमए-0 लाच करा, तेव्हा माणूस उचलतो. नव्वदीच्या घरात गेल्यावर उचलत नाही. महाराष्ट्रात 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्यांनंतर दर निवडणुकीआधी वसुली थंडावते. शेतकऱ्याला त्याबद्दल टोमणे मारून काही साधत नाही. वेळेत भरल्यास व्याजाची सवलत मिळते आणि नूतनीकरण केल्यास मर्यादा वाढते, हे आकड्यात मांडून दाखवा.

मार्च महिन्यात 'तात्पुरतं दुसरं कर्ज देऊन पहिलं भरून घ्या' असं सुचवलं जातं. कागदावर एनपीए टळतो, प्रत्यक्षात बुडीत रक्कम वाढते आणि दुसऱ्या कर्जावर मंजुरी तुमची असते. 1 एप्रिल 2022 पासून 50 कोटींपर्यंतच्या, फसवणूक नसलेल्या एनपीए खात्यांत कर्मचाऱ्यांच्या जबाबदारीची तपासणी सहा महिन्यांत पूर्ण करायची चौकट आहे. प्रामाणिक चूक आणि बेपर्वाई यांत तिथे फरक केला जातो. फरक दाखवणारा पुरावा म्हणजे तीच फाइल: भेटीचा अहवाल, फोटो, बोजाचा उतारा, नोटिसांच्या प्रती.

तोंडी आदेश लेखी कसा करायचा

सरकारी बँकांच्या अधिकारी आचरण विनियमांत एक कलम आहे जे फार थोडे नवे अधिकारी वाचतात. वरिष्ठांचा आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावा. तोंडी द्यावाच लागला तर वरिष्ठाने त्यानंतर लगेच लेखी पुष्टी द्यावी. आणि ज्याला तोंडी आदेश मिळाला त्याने शक्य तितक्या लवकर ती पुष्टी मागावी. म्हणजे लेखी मागणं हे बंड नाही, तुमचं कर्तव्यच आहे. आपल्या बँकेच्या विनियमाची पीडीएफ इंट्रानेटवरून काढून ठेवा.

पण मागायची रीत असते. 'लेखी द्या मग करतो' असं काउंटरसमोर म्हणाल तर पुढची दोन वर्षं कठीण जातील. काम आपल्या अधिकारात आणि नियमात बसत असेल तर आधी करा आणि दहा मिनिटांत बँकेच्या ईमेलवरून दोन ओळी पाठवा:

"महोदय, आज दुपारी साडेतीन वाजता आपण फोनवर दिलेल्या सूचनेनुसार अमुक खात्यात मर्यादेबाहेर 2 लाखांची उचल दिली आहे. स्टॉक स्टेटमेंट सोमवारपर्यंत येईल असे ग्राहकाने कळवले आहे. कृपया पुष्टी व्हावी."

यात तक्रार नाही, आरोप नाही, वेळ आणि रक्कम आहे. उत्तर आलं नाही तरी मेल राहतो. व्हॉट्सॲपवरच्या 'ओके'वर विसंबू नका, संदेश पुसता येतात. आणि उघड बेकायदा काम असेल, जसं मयताच्या खात्यातून सहीशिवाय उचल किंवा मागच्या तारखेचं व्हाउचर, तर करून मग मेल टाकण्यात अर्थ नाही. तिथे आधीच थांबायचं: "सर, हे माझ्या आयडीवर होणार नाही." वाक्य लहान ठेवा, कारणांची जंत्री नको. जितकी कारणं द्याल तितकी ती खोडली जातील.

रजा आणि वेळ

दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, हे 1 सप्टेंबर 2015 पासून. उरलेल्या शनिवारांसाठी पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी संघटना लावून धरत आल्या आहेत. अधिकाऱ्याला ओव्हरटाइम नाही, क्लार्कला नियमाने आहे, म्हणून अंगठा लावून बाहेर पडल्याची नोंद करून परत कामाला बसवण्याची प्रथा कुठे दिसली तर तिच्यात सामील होऊ नका. त्या वेळेत कॅश किंवा अपघात काही घडलं तर तुम्ही शाखेत नव्हतात असं कागद म्हणेल.

वर्षाला 12 किरकोळ रजा मिळतात. तोंडी सांगून घेतलेली रजा ही रजा नसते. पोर्टलवर अर्ज टाका, मंजुरीचा स्क्रीनशॉट ठेवा. बाराव्या करारानुसार महिला कर्मचाऱ्यांना महिन्यातून एक आजारपणाची रजा वैद्यकीय दाखल्याशिवाय घेता येते. मागायला संकोच करू नका, ती कोणाची मेहेरबानी नाही. संवेदनशील जागांवर असणाऱ्यांना वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस आगाऊ न सांगता सक्तीच्या रजेवर पाठवावं असं रिझर्व्ह बँकेचं धोरण आहे. अशी रजा आली म्हणजे तुमच्यावर संशय आहे असं घरच्यांना सांगू नका. कधीच रजा न घेणारा कर्मचारी तपासणी करणाऱ्याच्या नजरेत आधी भरतो.

मेमो आला तर

स्पष्टीकरण मागणारं पत्र हातात पडलं की त्याच संध्याकाळी चार पानांचं भावनिक उत्तर लिहिलं जातं. ते करू नका. पोच द्या, मुदत बघा, ज्या कागदांवरून आरोप आहे त्यांच्या प्रती लेखी मागा, मुदत अपुरी असेल तर वाढवून मागा. उत्तर परिच्छेदवार द्या: आरोप क्रमांक एक, वस्तुस्थिती अशी, कागद हा. सहकाऱ्याकडे बोट दाखवू नका आणि 'सगळेच असं करतात' हे वाक्य लिहू नका, ती कबुली ठरते. क्लार्कची शिस्तभंग कारवाई 10 एप्रिल 2002 च्या कराराप्रमाणे चालते, अधिकाऱ्यांची बँकेच्या शिस्त व अपील विनियमांप्रमाणे. संघटनेचे जुने पदाधिकारी दोन्हीत तरबेज असतात. सभासदत्वाची वर्गणी पगारातून कापली जाते ती अशाच दिवसासाठी, तेव्हा उत्तर पाठवण्याआधी त्यांना दाखवा.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशीला 90 दिवसांची मर्यादा आहे. शाखा लहान असली तर समिती विभागीय किंवा झोनल कार्यालयात असते, तिच्या सदस्यांची नावं शाखेत लावलेली असायला हवीत. ती लावलेली नसतील तर तेवढं एक विचारणंसुद्धा पुष्कळदा वातावरण बदलतं. रोजच्या आरडाओरडीसाठी आधी तारीखवार नोंदी करा: दिवस, वेळ, शब्द, कोण हजर होतं. मोघम 'त्रास देतात' या तक्रारीचं विभागीय कार्यालयात काहीच होत नाही.

खासगी बँकेत असाल तर यातलं संघटना आणि करार हे भाग गळतात, टार्गेटचा ताण वाढतो, आणि नेमणूकपत्रातला नोटीस कालावधी हेच तुमचं मुख्य हत्यार उरतं. आयडी आणि सहीचे नियम मात्र तेच.

परीक्षा आणि बदली

जेएआयआयबीचे चार पेपर पहिल्या दीड वर्षात उरका. मुंबईतल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची ही परीक्षा पास झाली की पगारवाढ मिळते आणि पुढे सीएआयआयबीने आणखी. अधिकाऱ्यांच्या पदोन्नतीसाठी ग्रामीण किंवा निमशहरी शाखेतली वर्षं मोजली जातात, त्यामुळे तरुणपणी गडचिरोली किंवा नंदुरबार आलं तर नुसतं रद्द करण्याच्या मागे लागू नका. मुलं शाळेत जायला लागल्यावर तीच बदली जास्त अवघड जाते. बदलीची विनंती करायची असेल तर पोर्टलची खिडकी उघडी असते तेव्हाच, कारणाच्या कागदांसह करा.

नव्या शाखेत चार्ज घेताना आधीचा अधिकारी 'सगळं ठीक आहे, सही करा, माझी संध्याकाळची बस आहे' म्हणेल. त्याला चहा पाजा, पण मोजा: कॅश, सोन्याची पाकिटं रजिस्टरशी, कोऱ्या चेकबुकांचे आणि डीडीच्या पानांचे पहिले-शेवटचे क्रमांक, प्रत्येक किल्ली आणि तिची दुसरी प्रत कुठे आहे त्याची पावती, कर्जाच्या मूळ दस्तांची यादी. जे सापडत नाही ते चार्ज-यादीत 'मिळाले नाही' असं लिहा, मग सही करा, तारखेखाली वेळ टाका, आणि एक प्रत घरच्या फाइलला लावा. बस चुकलीच तर रात्री दहाची असते.